बाईमेंबर आणि तरीचा मक्ता

वेळणे बंदर,
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय जानकी,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर माझ्या नावापुढे 'नगरपालिका सदस्या' असं ठळक लिहिलंस, ते पोस्टमनने बाजारातल्या निम्म्या लोकांना दाखवून मग घरी आणलं. पुन्हा असं करू नकोस गो.

मेंबराला पगार किती, असं विचारतेस. काही नाही. सभेला गेलं की कपभर चहा आणि पुडीत बांधलेलं खाजं मिळतं. चहा मी तिथे पीत नाही, खाजं सुशीलाला आणते. ती आता सतरा वर्षांची झाली, पण खाजं पाहिलं की अजून लहान होते.

मी निवडून कशी आले तेही विचारलंस. निवडून कसली! बायकांसाठी एक जागा राखीव ठेवावी लागते. कोणाला उभं करायचं यावर आमच्या ओटीवर चार दिवस बोलणं चाललं होतं. भाई म्हणजे माझे मोठे दीर. तू माझ्या लग्नात पाहिलेस ते. दुकान, घर, मेंबरकी सगळं त्यांच्या हातात. घरात ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत, जाऊबाईंच्या तोंडून निरोप येतो. तसाच हाही आला. "नर्मदाक उभी करतंव म्हणतत. सातवी झालेली आसा, सही करता येता, आणि घरात न्हवऱ्याची कटकट नाय." माझे यजमान जाऊन आठ वर्षं झाली, ती अशी कामाला आली. समोर कोणी अर्जच भरला नाही. गळ्यात हार पडला, संपलं.

पहिल्या सभेच्या दिवशी भाई कचेरीच्या जिन्यात थांबले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "मी हात वर केलंय काय तूय करूचो. बाकी तुका काय त्रास नाय." खरंच त्रास नाही. बारा मेंबरांत मी एकटी बाई, खिडकीशी बसते. कागद पुढे येतात, सही करते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा आमच्या परसदारी तुळसा आली होती. ती म्युनिसिपालिटीत झाडूवाली आहे. अंगणाच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "बाईमेंबर, च्यार म्हयने पगार नाय. दुकानात उधार बंद केल्यानी. पोरांका काय घालू?" अकरा झाडूवाले आहेत, तीस-तीस रुपये पगार. मी म्हटलं, विचारते. भाईंना निरोप पाठवला. उलट निरोप आला की तिजोरीत पैसे नाहीत.

नसतील, तर आणायचे कुठून? तुला ठाऊक आहे का?

तुझी,
नर्मदा


परळ, मुंबई
१ डिसेंबर १९५७

प्रिय नर्मू,

आज एक तारीख. आत्ताच शाळेतून पगार घेऊन आले आणि आधी तुला लिहायला बसले. नव्वद रुपये, सही करून, हातात. चार महिने ते मिळाले नाहीत तर माझं काय होईल, असा विचार ट्राममध्ये करत होते आणि तुझी ती तुळसा डोळ्यांपुढे आली.

तिजोरीत पैसे नाहीत हे काही उत्तर नव्हे. म्युनिसिपालिटीचं दर वर्षी अंदाजपत्रक होतं. आमच्या हेडबाईंचे भाऊ अशाच एका कचेरीत आहेत, त्यांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, खर्चाची बाजू सगळेच बघतात, त्यांना सांगा जमेची बाजू बघा. घरपट्टी किती येते, बाजारफी किती, कशाकशाचा मक्ता दिलाय आणि कितीला. मेंबर म्हणून तुला ते बुक बघायचा हक्क आहे. हेडक्लार्ककडे जा आणि माग. लाजायचं नाही.

आणि नर्मू, तुझा हात तुझ्या खांद्याला आहे, भाईंच्या नाही. सातवीत गणितात तू माझ्यापुढे होतीस हे मी अजून विसरलेले नाही.

तुझी,
जानकी


वेळणे बंदर,
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय जानकी,

गेले एकदाची. हेडक्लार्क दळवी भला माणूस आहे, पण मी बुक मागितलं तेव्हा त्याला घाम फुटला. "भाईंना विचारलंत का?" म्हणाला. मी म्हटलं, विचारायला हवं असा नियम असेल तर दाखवा. हे वाक्य मी घरापासून पाठ करत गेले होते. त्याने बुक काढून दिलं आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला.

घरपट्टी, बाजारफी सगळं ठीक दिसलं. मग तरीचा मक्ता. आपल्या खाडीवरची ती माणसं पलीकडे नेणारी होडी तुला आठवत असेल. तिचं उतारूंचं भाडं वसूल करायचा मक्ता म्युनिसिपालिटी देते. वर्षाला नऊशे रुपये. मक्तेदार: महादू.

जानकी, महादू म्हणजे आमच्या दुकानात पोती उचलणारा गडी. त्याच्याकडे नऊशे काय, नऊ रुपये एका वेळी नसतात.

आणि मला हे आधी कळायला हवं होतं. दर सोमवारी सकाळी तरीवरची पिशवी आमच्या घरी येते. आणे, नवे पैसे, सगळी खिचडी. ती निवडून चळती लावायचं काम माझं. इतकी वर्षं वाटायचं, दुकानाचाच हा काही व्यवहार असेल. आठवड्याला साठ रुपयांच्या आसपास भरतात. म्हणजे वर्षाला तीन हजार. नऊशे भरले, दोन होडीवाल्यांना सहाशे दिले, तरी पंधराशे घरात राहतात. झाडूवाल्यांचे चार महिन्यांचे तेराशेवीस होते. मी तीन वेळा हिशेब केला. गणितात पुढे होते ना!

मार्चअखेर सभा आहे. त्यात हा मक्ता पुन्हा द्यायचा आहे.

आता माझी बाजू ऐक. ज्या भाताने आम्ही मायलेकी जेवतो तो भाईंच्या दुकानातला. यजमानांचा वाटा दुकानात आहे म्हणतात, पण तो कागदावर कुठे आहे ते मी कधी विचारलं नाही. सुशीलाचं स्थळ त्यांनीच बघितलंय, खारेपाटणचं. मुलगा मामलेदार कचेरीत कारकून आहे. खर्च सगळा भाई करणार. मी हात वर केला नाही तर काय काय खाली येईल, हे तुला वेगळं सांगायला नको.

बघते. सभेला अजून दीड महिना आहे.

नर्मदा


वेळणे बंदर,
३ एप्रिल १९५८

प्रिय जानकी,

सभा झाली. तरीच्या मक्त्याचा विषय निघाला आणि ठराव पास झाला. झाडूवाल्यांना पगार मिळाला. सगळं शांतपणे पार पडलं. सुशीलाचं लग्न पुढच्या वर्षीच्या वैशाखात ठरलं आहे.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. आमसुलं पाठवली आहेत, पोचल्याचं कळव.

नर्मदा


परळ, मुंबई
१४ एप्रिल १९५८

माझ्या शूर नर्मू,

आमसुलं पोचली, आणि तुझं पत्रही! किती त्रोटक लिहितेस गो. एवढी मोठी गोष्ट केलीस आणि चार ओळी! मी मात्र गप्प बसले नाही. मधल्या सुट्टीत सगळ्या बायांना सांगितलं की माझ्या मैत्रिणीने भरल्या सभेत घरच्याच माणसाचा मक्ता काढून घेतला आणि त्या पैशातून झाडूवाल्यांचे पगार दिले. पेढे आणले. हेडबाई म्हणाल्या, अशा दहा बायका असल्या तर राज्य सुधारेल.

भाई काय म्हणाले? घरात काही बोलणं झालं का? लग्न ठरलंय म्हणतेस म्हणजे त्यांनीही मोठं मन केलं असणार. मी उगीच त्यांच्याबद्दल वाईट विचार करत होते. सगळं सविस्तर लिही.

तुझी अभिमानी,
जानकी


वेळणे बंदर,
२ मे १९५८

ती. जानकीमावशीस,

सुशीलाचा नमस्कार. मी आईला न विचारता लिहिते आहे. हे पत्र माझ्या शाळेतल्या गोखलेबाई पेटीत टाकणार आहेत. उत्तर लिहिलंत तर त्यांच्याच पत्त्यावर पाठवा. का ते खाली लिहिते.

तुम्हाला चुकीचं समजलं आहे. आईने मक्त्याच्या बाजूने हात वर केला. मक्ता पुन्हा महादूच्याच नावावर गेला, तोही तीन वर्षांसाठी, नऊशेलाच. झाडूवाल्यांना मधे एखाददुसरा पगार मिळत गेला, तरी पाच महिने थकले होते; त्यांपैकी एकाच महिन्याचा आता मिळाला. तुळसा त्या दिवशी सभेच्या दाराबाहेर उभी होती. तिने आईचा हात वर झालेला पाहिला. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, विहिरीवर भेटली तर मान फिरवते.

आईचं एप्रिलचं पत्र भाईकाकांनी वाचून मग पोस्टात टाकलं. म्हणून ते तसं आहे. दळवींनी बुकाबद्दल त्यांच्या कानावर घातलं होतं. आणि तुमचं पत्र आलं ते दुकानातच फोडलं. भाईकाकांनी ओटीवर चार माणसं बसली असताना ते मोठ्याने वाचलं, पेढ्यांपर्यंत. सगळे हसले. आई आत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. निवडतच राहिली.

रात्री मी विचारलं, तर म्हणाली, तुझ्यासाठी केलं. मावशी, मला कोणी विचारलंच नव्हतं. खारेपाटणचा मुलगा मी पाहिलेलाही नाही. माझ्यासाठी म्हणून आईने असं खाली बघून जगावं, हे मला झेपत नाही. पण तिला तसं म्हटलं तर ती आणखीच खाली बघते.

तुम्ही तिला रागावू नका.

आपली,
सुशीला


परळ, मुंबई
११ मे १९५८

नर्मू,

हे पत्र सुशीलाच्या बाईंकडून तुझ्या हातात पडेल. पोरीवर रागावू नकोस. तिने सांगितलं म्हणून मला माझी चूक कळली.

पेढे वाटले मी! दोन दिवस शाळेत तोंड दाखवायची लाज वाटली, पण ती माझी लाज. तुझ्या घरात माझं पत्र वाचून लोक हसले, त्याची क्षमा कशी मागू?

इथून तुला शहाणपण शिकवणं फार सोपं होतं. आता माझं ऐक. एक तारखेला पगार हातात, असं मी ऐटीत लिहिलं होतं. तो हातात असतो तो शाळेपासून घरापर्यंत. दारात हे उभे असतात. पाकीट त्यांच्याकडे जातं, आणि ट्रामचे पैसे मला रोज सकाळी मोजून मिळतात. त्या दिवशीचे पेढे मी माझ्या पैशांनी घेतले नव्हते. हेडबाईंकडून उसने घेतले आणि पंधरा दिवस चालत शाळेत जाऊन फेडले. अकरा वर्षं झाली, हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही.

सुशीलाला माझ्याकडे पाठव, असं लिहायला हात शिवशिवतो. पण ह्यांना विचारल्याशिवाय माझ्या घरात पाहुणा येत नाही, आणि विचारलं तर उत्तर मला ठाऊक आहे.

तू हात वर केलास. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता. एवढंच सांगायचं होतं.

जानकी


वेळणे बंदर,
२० जानेवारी १९५९

प्रिय जानकी,

आठ महिने तुला लिहिलं नाही. तुझं पत्र मी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. रडूही आलं आणि बरंही वाटलं. पण उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. आज आहे, आणि हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे.

झाडूवाल्यांची थकबाकी वाढत सात महिन्यांवर गेली. पाच तारखेला त्यांनी झाडू खाली ठेवले. मासळी बाजारात दोन दिवसांत उभं राहवेना. आठवड्याने तातडीची सभा बोलावली. ठराव असा की अकराही जणांना कामावरून काढावं, म्युनिसिपालिटीच्या जागेतली त्यांची खोपटी तीन दिवसांत मोकळी करून घ्यावीत, आणि बाहेरून दुसरी माणसं आणावीत. तुळसाच्या सुनेला तेव्हा बाळंत होऊन पाचवा दिवस होता.

सभेला निघताना जाऊबाईंनी निरोप दिला, "आज हात जरा लवकर वर कर म्हणतत." मी होय म्हटलं. खरं सांगते जानकी, जिन्यापर्यंत मी तो करणारच होते. खुर्चीवर बसले तेव्हाही.

अध्यक्षांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "पगाराला पैसाच नाही, त्याला आपण काय करणार? अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत." हात वर होऊ लागले. भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. का ते मला सांगता येणार नाही. ठरवून उभी राहिले नाही.

म्हटलं, "पैसा आहे. तरीच्या मक्त्यात आहे."

अध्यक्ष म्हणाले, "नर्मदाबाई, विषय सफाईचा आहे, तरीचा नाही."

"दोन्ही एकाच तिजोरीचे विषय आहेत. नऊशेला दिलेला मक्ता वर्षाला तीन हजार आणतो."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती चिल्लर आमच्या घरी येते. तिच्या चळती मी लावते. गेल्या सोमवारी चौसष्ट रुपये होते. महादूने त्यातला एक पैसा पाहिला नाही."

भाई उठले नाहीत. बसल्या जागेवरून हळूच म्हणाले, "खाली बस. घरातलां घरात ऱ्हवक होया." मी म्हटलं, "भाई, घरात मला बोलायला कोणी आहे का?" जानकी, हे मी त्यांच्याशी सरळ बोललेलं पहिलं वाक्य.

सभा तिथेच मोडली. ठराव तहकूब झाला. विरोधी बाजूच्या तिघांनी दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज केला. माझं बोलणं दळवींनी शब्दन् शब्द इतिवृत्तात लिहून ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा आमची चूल मागच्या पडवीत मांडलेली होती. तीन दगड, एक पातेलं, दोन ताटं. खारेपाटणला त्याच आठवड्यात पत्र गेलं, लग्न मोडलं. सुशीला म्हणाली, "बरां झालां." पण दोन दिवस ती शाळेच्या बाईंकडेच जाऊन बसत होती.

तू मागच्या वेळी शूर म्हणाली होतीस. आता म्हणू नकोस. मला फार भीती वाटते. आज तांदूळ उसने आणले, आणि ओटीसमोरून गेल्याशिवाय बाजाराच्या रस्त्याला लागता येत नाही. रोज दोन वेळा त्यांच्या समोरून जाते.

तुझी,
नर्मदा


परळ, मुंबई
६ फेब्रुवारी १९५९

प्रिय नर्मू,

काही म्हणत नाही. मनिऑर्डरने पंधरा रुपये पाठवले आहेत. या महिन्यात दारात पाकीट देताना मी ते आधीच काढून घेतले होते. ह्यांनी मोजले, विचारलं. मी म्हटलं, नर्मदाला पाठवले. चार दिवस घरात बोलणं बंद आहे. पण पुढच्या महिन्यातही पाठवीन.

जानकी


वेळणे बंदर,
१८ ऑक्टोबर १९६०

प्रिय जानकी,

तुझे पंधरा रुपये दर महिन्याला येत राहिले, त्यावर आम्ही तगलो. आता पाठवू नकोस. सुशीला जूनपासून तोंडवलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. आठवडाभर तिथेच एका घरी राहते, रविवारी येते. मी तिच्याबरोबर जाऊन राहावं म्हणते. पण मी या घरातून पाय काढला तर यजमानांच्या वाट्यावर पाणी सोडल्यासारखं होईल, असं वकील सांगतो. वाटा मिळेल की नाही ते तोही सांगत नाही. म्हणून पडवीत आहे.

चौकशीचं शेवटी काय झालं ते लिहिते. मक्ता रद्द झाला, नवा लिलाव झाला, दोन हजार चारशेला गेला. झाडूवाल्यांचे सगळे थकलेले पगार दोन हप्त्यांत मिळाले, खोपटी राहिली. हे झालं, ते कोणी पुसू शकत नाही.

दुसरा हुकूम जुलैत आला. म्युनिसिपालिटीच्या मक्त्यात ज्याचा हितसंबंध असेल त्याला मेंबर राहता येत नाही. भाईंची मेंबरकी गेली. त्याच कागदावर खाली माझंही नाव होतं. मी एकत्र कुटुंबातली. मक्त्याच्या पैशांवर जेवले. आणि पैसे घरी येत होते हे मीच भर सभेत सांगितलेलं, तोच पुरावा. दळवींनी कागद वाचून दाखवला आणि चष्मा पुसत बसले. मी वाचून पाहिला, चूक कुठेच नव्हती. मी जेवले होतेच ना.

त्या संध्याकाळी भाई दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. पडवीच्या दारात येऊन म्हणाले, "दोघांकाय एकाच कागदान भायर काढल्यानी. काय मिळवलंस?" आवाजात राग नव्हता. थकल्यासारखे दिसले. मी चुलीत लाकूड सारलं. ते ओटीकडे परत गेले.

बायकांची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. भाईंनी अर्ज भरून घेतला तो त्यांच्या सुनेचा. सावित्री, बावीस वर्षांची, कुडाळकडची. चौथी शिकलेली. समोर कोणी नव्हतं, बिनविरोध निवडून आली.

काल दुपारी घर झोपलं असताना ती पडवीत आली. माझ्याशी बोलायची तिला बंदी आहे. पदराखालून एक कागद काढला, पुढच्या सभेच्या विषयांचा. म्हणाली, "काकी, मामंजींनी खंय सही करूची ता दाखवल्यानी. पण वर काय लिवलेला आसा?"

मी तिला बसवलं. एकेक ओळ वाचून दाखवली. जमा कुठली, खर्च कुठला, मक्ता कोणाला आणि कितीला. पोर हुशार आहे, दोन ठिकाणी तिने मला थांबवून विचारलं. शेवटी मी म्हटलं, "सही करण्याआधी दर वेळी सगळं असं वाचत जा."

तिने कागदाची घडी घातली. थोडा वेळ माझ्या चुलीकडे, त्या एका पातेल्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "काकी, वाचल्यावर सही करूक जमता?"

तिला काय सांगू? तुला कळलं तर लिही.

तुझी,
नर्मदा